पंचाहत्तर सेंट आणि आंधळा घोडा

१८०६ सालची गोष्ट. ओहायो नदीकाठच्या मरिएटा गावात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा विशीतला एक उपदेशक खिसे चाचपत होता. निघाले पंचाहत्तर सेंट. केंटकीतलं घर पाचशे मैल लांब, आणि घर सोडून तीन वर्षं होत आलेली. घोडा आंधळा झाला होता, खोगीर झिजलं होतं, लगाम डझनभर वेळा तरी बदलून-बांधून झाला होता. अंगावरच्या कपड्यांना इतकी ठिगळं होती की मूळ कापड कुठलं ते शोधावं लागावं. वाटेत कुणी जेवू घातलं, कुणी हातावर नाणं ठेवलं. घरी पोचला तेव्हा खिशात सव्वासहा सेंट उरले होते. वडिलांनी त्याला नवा घोडा दिला, खोगीर-लगाम दिला, कपडे दिले, वर रोख चाळीस डॉलर दिले. झालं, गडी पुढच्या तीन वर्षांच्या फिरतीला तयार.

हा पीटर कार्टराइट. जन्म १७८५, मृत्यू १८७२. केंटकी, टेनेसी, ओहायो, इंडियाना आणि शेवटी इलिनॉय, म्हणजे त्या काळच्या अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर, त्याने आयुष्यभर घोड्यावरून धर्मप्रचार केला. मरिएटाचा प्रसंग त्याने उतारवयात, १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितला आहे. असे प्रसंग त्यागाचे नमुने म्हणून सांगायची पद्धत आहे. मला मात्र तो जमाखर्चाच्या वहीतल्या पानासारखा वाटतो. तीन वर्षं एका संस्थेने माणूस वापरला, घोडा संपवला, आणि तूट भरून काढली त्याच्या बापाने. संस्थेच्या वहीत ही रक्कम कुठेही नाही.

समाजाला हवं असलेलं, पण बाजारात भाव नसलेलं काम करणाऱ्याला काय द्यायचं, हा जुना प्रश्न आहे. आपल्याकडे त्यावर एक सोयीस्कर शब्द काढलेला आहे: मानधन. पगार म्हटला की हक्क आला, थकबाकी आली, निवृत्तिवेतन आलं. मानधन म्हटलं की मान आधी आणि धन जमेल तसं. आशा ताईंना मिळतं ते मानधन. हा शब्द उच्चारताना आपण गृहीत धरतो की सेवाभाव आणि पुरेसे पैसे एकत्र नांदत नाहीत. पैसे वाढवले तर भाव उडून जाईल. मेथडिस्टांचा सरहद्दीवरचा अनुभव या समजुतीच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. बघा, उपाशीपोटी फिरले आणि सगळा देश जिंकला. तो अनुभव नीट उलगडून पाहिला तर साक्ष दुसऱ्याच बाजूने निघते.

देश जिंकला हे मात्र खरं. १७८४ च्या नाताळात बाल्टिमोरला जमून अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी आपलं स्वतंत्र चर्च स्थापन केलं, तेव्हा सभासद होते सुमारे १५ हजार. साठ वर्षांनी, १८४४ मध्ये, ते १० लाखांच्या वर गेले होते. एवढी वाढ कशाने झाली? त्यासाठी 'सर्किट' समजून घ्यायला हवं.

सर्किट म्हणजे ठरलेला फेरा. एका नकाशावर वीस-पंचवीस ठिकाणं धरा: एखादं लाकडी झोपडं, एखादा गिरणीवाला, एखादी शाळेची खोली, एखादं मोठं झाड. उपदेशकाने दर चार किंवा सहा आठवड्यांनी यातल्या प्रत्येक ठिकाणी हजर व्हायचं. फेरा दोनशे मैलांचा असे, विरळ वस्तीत पाचशेचाही. रविवारची वाट बघायची नाही. रोज एक मुक्काम, रोज एक प्रवचन, बहुधा दुपारी. आठवड्याला फार तर एक दिवस विसावा. प्रवचन संपलं की पुढच्या खेपेची तारीख तिथेच जाहीर करायची. ही तारीख फार महत्त्वाची. रानात विखुरलेल्या माणसांना अमुक दिवशी दुपारी बारा वाजता माणूस येणार म्हणजे येणार, हे कळलं की ते दहा मैल चालत येत. पाऊस-गारा पडत असल्या की तिकडे म्हणत, आज बाहेर कावळे आणि मेथडिस्ट उपदेशक सोडून कुणी नाही. ती म्हण तारखेच्या वक्तशीरपणाला दिलेली पावतीच होती.

घोड्यावरच्या पडशीत बायबल, भजनांचं पुस्तक आणि 'डिसिप्लिन' नावाचं नियमपुस्तक असे. शिवाय विकायची पुस्तकं. मेथडिस्टांनी १७८९ मध्येच फिलाडेल्फियात स्वतःचं प्रकाशनगृह काढलं होतं, आणि फिरता उपदेशक हाच त्याचा विक्रेता. विक्रीवर त्याला कमिशन मिळे. ओढा ओलांडताना घोडा पोहायला लागला की पहिली भिजत ती ही पुस्तकं. म्हणून पडशी खांद्यावर घेऊन खोगिरावर उकिडवं बसायची कला ज्याला जमली तोच टिकला.

पण सगळ्यात हुशारीचा भाग उपदेशक निघून गेल्यावर सुरू होई. प्रत्येक ठिकाणी डझनभर लोकांचा एक 'क्लास', म्हणजे वर्ग. त्याचा वर्गप्रमुख तिथलाच शेतकरी, बिनपगारी. त्याच्याकडे नावांचा कागद. दर आठवड्याला हजेरी घ्यायची, कोण आजारी, कोण दारूकडे वळलं, कोणाचं कोणाशी वाकडं आलं, हे विचारायचं. त्याच्या वर बोलता येणारा एखादा स्थानिक उपदेशक, तोही पोटासाठी शेती करणारा. फिरता उपदेशक महिन्याने येई तेव्हा हा कागद तपासून नावं चढवी-उतरवी. म्हणजे सत्तावीस दिवस काम स्थानिक माणसं करत आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेरचा माणूस येऊन तपासणी करे. ज्याला गावपातळीवरची कुठलीही योजना चालवायची आहे त्याने ही विभागणी दोनदा वाचावी.

या सर्किटांच्या वर जिल्हा. जिल्ह्यावरचा अधिकारी 'प्रिसायडिंग एल्डर'. तो दर तीन महिन्यांनी प्रत्येक सर्किटच्या तिमाही सभेला येई. वर वार्षिक परिषद, आणि तिथे शेवटच्या दिवशी बिशप नेमणुका वाचून दाखवी. कोण कुठे जाणार याची आधी कुणकुणही नसे. अपील नाही. १८०४ पासून नियम असा की एका सर्किटवर सलग दोन वर्षांहून जास्त कुणाला ठेवायचं नाही. बदली हा आपल्याकडे शिक्षेचा शब्द आहे. तिथे तो सगळ्यांना सारखा लागू असलेला नियम होता. त्याचा एक व्यावहारिक फायदाही होता. कमी शिकलेल्या तरुणाकडे वर्षभर पुरतील एवढीच प्रवचनं असत. लोकांना कंटाळा येईपर्यंत तो पुढच्या सर्किटवर गेलेला असे, आणि तीच प्रवचनं तिथे नवीन.

शिकण्याचीही सोय फिरतीवरच. कार्टराइटला शाळा जेमतेम लाभली. विल्यम मॅकेंड्री हा त्याचा जिल्ह्यावरचा वरिष्ठ. पुढे १८०८ साली बिशप झाला. त्याने कार्टराइटला व्याकरणापासून वाचनाचा क्रम आखून दिला, आणि तिमाही सभेला आला की तो तपासे. खोगिरावर बसून पाठांतर करायचं, तीन महिन्यांनी परीक्षा.

शेजारच्या पंथांशी तुलना केली की या रचनेचं बळ कळतं. प्रेस्बिटेरियन पाद्री लॅटिन-ग्रीक शिकलेला हवा, आणि मंडळीने पगाराचं वचन देऊन बोलावल्याशिवाय तो येणार नाही. जिथे मंडळीच नाही तिथे बोलावणार कोण? बॅप्टिस्ट उपदेशक बहुधा शेतकरीच. सहा दिवस नांगर, सातव्या दिवशी प्रवचन. तो टिकाऊ होता, गावाचा होता, पण डोंगरापलीकडच्या खोऱ्यात तो जाणार नव्हता. त्याची गाय घरी होती. मेथडिस्टांनी खोऱ्याखोऱ्यांत पोचण्यासाठी माणसाला जमिनीपासून तोडला. आणि तोडलेल्या माणसाला जगवायचं कसं, तिथे घोडं पेंड खाऊ लागलं.

आता आकडे. सुरुवातीला उपदेशकाला वर्षाला ६४ डॉलर. १८०० साली ८० झाले, १८१६ मध्ये १००. १८०० च्या नियमात बायकोसाठी तेवढेच वेगळे, सात वर्षांखालच्या मुलाला १६ डॉलर, सात ते चौदाच्या मुलाला २४. बिशपलाही तेवढेच. फ्रान्सिस ॲस्बरी हा पहिल्या पिढीचा बिशप, आयुष्यभर अविवाहित, अडीच लाख मैलांहून जास्त फिरला असं धरतात; त्याचा आकडा आणि काल भरती झालेल्या पोराचा आकडा एकच. या समतेबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्या संस्थेत वरच्याला गाडी आणि खालच्याला 'सेवाभाव' असतो तिला हा आरसा दाखवावा.

पण ८० डॉलर ही वरची मर्यादा होती. खालची मर्यादा कुठलीच नव्हती. लोक त्याला 'क्वार्टरेज' म्हणत, म्हणजे तिमाही वर्गणी. तिमाही सभेला प्रत्येक वर्गाकडून आलेले पैसे कारभारी एकत्र करत. आधी प्रवासखर्च वजा. मग उरलेल्यात उपदेशक आणि प्रिसायडिंग एल्डर यांचे वाटे, ज्याच्या-त्याच्या हक्काच्या प्रमाणात. सरहद्दीवर रोकड मुळातच दुर्मीळ. लोक देत ते जाडंभरडं घरी विणलेलं कापड, लोकरीचे मोजे, मका, डुकराचं मांस. तूट वार्षिक परिषदेत मांडता येई. तिथे पुस्तकविक्रीचा नफा आणि १७९६ मध्ये थकलेल्या उपदेशकांसाठी, विधवांसाठी उभारलेल्या निधीचं व्याज यांतून काही तुकडे मिळत. बाकीचं बहुधा बुडालंच.

प्रवासखर्चात काय धरायचं हेही ठरलेलं होतं: नावेचं भाडं, घोड्याची नालबंदी, लांबच्या वाटेवर स्वतःचं आणि घोड्याचं खाणं. घोडा मात्र नाही. घोडा ज्याचा त्याने आणायचा. मरिएटाची सगळी मेख इथे आहे. चंदीचा खर्च संस्थेचा, जनावर तुझं. बरा घोडा घ्यायचा तर वर्षाचं मानधन जवळजवळ त्यातच जाई, आणि दिवसाला वीस-तीस मैल, चिखलातून, ओढ्यांतून, अर्धवट चाऱ्यावर चालवलेला घोडा किती वर्षं टिकणार? पाठीवर खोगिराची जखम झाली आणि विश्रांती मिळाली नाही की ती चिघळते. विश्रांती दिली तर तारीख चुकते, आणि तारखेवर तर सगळी इमारत उभी. म्हणजे नियमाप्रमाणे वागायचं तर घोडा मारावाच लागे, आणि मेलेल्या घोड्याची जबाबदारी नियमात नव्हती. कामाचं मुख्य हत्यार कामगाराने घरून आणायचं, ही युक्ती नवी नाही. आज घोड्याच्या जागी स्वतःचा मोबाईल, स्वतःची दुचाकी, स्वतःचा इंटरनेटचा पॅक आहे इतकंच.

घोड्यानंतर देह. ओल्या कपड्यांत झोप, एकाच खोलीत यजमानांची आठ माणसं, नदीकाठचा हिवताप. सरहद्दीवरच्या हिवतापाला तिकडे 'एग्यू' म्हणत. एक दिवसाआड थंडी वाजून येई, आणि माणूस मधल्या दिवशी प्रवचन करी. कित्येक जण तिशीच्या आसपास गेले. जे गेले नाहीत त्यांचं दुसरं टोक म्हणजे लग्न.

लग्न झालं की बायकोचे ८० डॉलर नियमात होते. सर्किटच्या पेटीत नव्हते. एकट्याला यजमानांकडे जेवता येतं. बायको आणि तान्हं पोर घोड्यावर घालून वीस मुक्काम करता येत नाहीत. घर घ्यावं तर दोन वर्षांत बदली. मग उपदेशक वार्षिक परिषदेत उभा राहून 'लोकेशन' मागे, म्हणजे फिरतीतून नाव कमी करून घेई, जमीन घेई आणि स्थानिक उपदेशक होई. मेथडिस्टांची शेकडो अनुभवी माणसं अशी गळाली. लक्षात घ्या, श्रद्धा गळाली नाही. हेच लोक पुढे रविवारी बिनपगारी प्रवचनं देत होते. गळाली ती पाच-सात वर्षांच्या फिरतीत तयार झालेली जाण: कुठला ओढा कधी उतार देतो, कुठल्या वर्गप्रमुखावर भरवसा ठेवावा, भांडण कुठे मिटवावं आणि कुठे वाट बघावी. त्यांच्या जागी पुन्हा वीस वर्षांचा पोरगा आणि पुन्हा पहिल्यापासून. स्वस्त माणूस संस्थेला महाग पडत होता, पण ती किंमत कुठल्याच तिमाही सभेत मांडली जात नसल्याने कुणाला दिसत नव्हती.

यावर कार्टराइटचं स्वतःचं म्हणणं नेमकं उलट होतं, आणि ते टाळून पुढे जाणं बरं नाही. म्हातारपणी तो तक्रार करी की चर्चं श्रीमंत झाली, बाकांचं भाडं घेऊ लागली, ऑर्गन आले, पूर्वेकडून शिकून आलेले तरुण कागदावरून प्रवचन वाचू लागले. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं आणि तरी आम्ही देश हलवला. दवात चालून पाय फाकलेल्या हंसाच्या पिल्लाची उपमा त्याने अशा एका वाचणाऱ्या पाद्र्याला दिली आहे. आत्मचरित्रातली ही पानं वाचताना हसू येतं. शतकाच्या उत्तरार्धात मेथडिस्टांच्या वाढीचा वेग उतरला, हेही त्याच्या बाजूने मांडता येईल. पण त्याच सुमाराला फेरा आखडत गेला, पाद्री एकेका गावात बसला आणि रोजच्या मुक्कामाची तारीख संपली. पैसे वाढणं आणि फेरा मोडणं जवळजवळ एकाच वेळी घडलं. दोष पैशाला देणं सोपं पडलं. गंमत म्हणजे शिकलेल्यांना हसणाऱ्या याच माणसाने इलिनॉयमध्ये मेथडिस्ट महाविद्यालयं उभारायला हात लावला होता. आपल्याला जे मिळालं नाही त्याची किंमत त्याला माहीत होती.

आणि कार्टराइट स्वतः का टिकला? तिशीत गेला नाही, 'लोकेशन' मागितलं नाही, तब्बल पन्नास वर्षं प्रिसायडिंग एल्डर राहिला. देहाने दणकट होता हे खरं. मेळाव्यात दंगा करायला आलेल्या गुंडांना त्याने स्वतःच्या हातांनी झोडपल्याचे किस्से आहेत. पण किश्शांवर पोट भरत नाही. १८२३ साली तो इलिनॉयच्या सँगमन भागात जाऊन आला आणि २०० डॉलरला एका माणसाचा कब्जा आणि त्यावरचं दुहेरी झोपडं विकत घेतलं. जमीन सरकारी, अजून लिलावात न आलेली. त्या बाजूचा मुलूख किकापू या तिथल्या मूळनिवासी लोकांकडून १८१९ च्या तहाने काढून घेतलेला. सरहद्दीवरच्या कुठल्याही हिशेबात हा आकडा शेवटी येतोच: तोट्यात चाललेल्या सेवेला आधार देणारी स्वस्त जमीन दुसऱ्या कुणाची तरी होती.

१८२४ मध्ये कुटुंब निघालं. वाटेत एका रात्री उघड्यावर मुक्काम पडला. एका लहान झाडाच्या बुंध्याशी शेकोटी पेटवली होती. झाड बाहेरून धड दिसत होतं. पहाटेच्या सुमाराला ते जळून कोसळलं, थेट झोपलेल्या तिसऱ्या मुलीवर, आणि ती जागीच गेली. प्रेत घेऊन पुढे वीस-एक मैल जावं लागलं, तेव्हा कुठे ओळखीचं घर आणि मातीला जागा मिळाली.

त्याची बायको फ्रान्सिस गेन्स. लग्न १८०८ चं. नऊ अपत्यं, त्यांत सात मुली. नवरा जिल्ह्याच्या फेऱ्यावर आठवडेच्या आठवडे बाहेर असताना सँगमनची ती शेती चालली कुणाच्या जिवावर, हे सांगायला नको. कार्टराइट हिशेबी होता. पहिली वीस वर्षं सालाला ४०० प्रवचनं, म्हणजे ८,०००. पुढची तेहेतीस वर्षं सालाला २००, म्हणजे ६,६००. एकूण १४,६००, असा त्याने आत्मचरित्रात गुणाकार करून दाखवला आहे. फ्रान्सिसच्या दिवसांचा गुणाकार त्यात नाही. शेतकरी कुटुंबाने भागवलेल्या या तुटीमुळे एक उपदेशक पन्नास वर्षं फिरू शकला, आणि श्रेय गेलं त्यागी व्यवस्थेला.

(तो राजकारणातही पडला. १८२८ आणि १८३२ मध्ये इलिनॉय विधानसभेवर निवडून आला; दुसऱ्या खेपेला पडलेल्यांत अब्राहम लिंकन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण होता. १८४६ ला काँग्रेसच्या जागेसाठी दोघे समोरासमोर आले आणि लिंकनने ६,३४० विरुद्ध ४,८२९ मतांनी त्याला पाडलं. कुठल्याही चर्चचा सभासद नसलेल्या उमेदवाराला भाविक मतदारांनी निवडलं यावर वेगळा लेख होईल.)

मानधनाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. जो माणूस यजमानाच्या ताटावर जगतो त्याची जीभ यजमानाच्या घरात किती चालते? मेथडिस्टांनी १७८४ च्या स्थापनेच्या वेळीच नियम केला होता की सभासदांनी ठरावीक मुदतीत आपले गुलाम मुक्त करावेत. कडक, स्पष्ट नियम. सहा महिन्यांत तो स्थगित झाला. दक्षिणेत उपदेशकाला झोपायला जागा, घोड्याला चंदी आणि तिमाही पेटीत नाणी देणारे बरेचसे लोक गुलाम बाळगणारे होते. गुलामांपर्यंत पोचायलाही मालकाची परवानगी लागे. मग एकेक सवलत, एकेक 'स्थानिक परिस्थिती'. साठ वर्षांनी, १८४४ च्या न्यूयॉर्कच्या सर्वसाधारण परिषदेत, जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे लग्नातून गुलाम आल्याचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यावर चर्च उभं फुटलं. कार्टराइट त्या परिषदेत होता. गुलामगिरीपासून मुलांना दूर न्यावं हे केंटकी सोडण्याचं एक कारण म्हणून त्याने स्वतः नोंदवलं आहे. पण गुलामगिरी ताबडतोब मोडा म्हणणाऱ्यांवरही तो तितकाच चिडलेला असे. गुलामगिरीशी झालेल्या तडजोडीचं सगळं खापर क्वार्टरेजवर फोडता येणार नाही. कापसाचा भाव, कायदे, वंशाचा अहंकार हे सगळं होतंच. तरी ज्याला स्पष्ट बोलण्यासाठी नेमलं, त्याची भाकरी ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच हाती ठेवली, ही रचनेची चूक होती. सावकाराच्या घरी जेवून त्याच्याच सावकारीवर अहवाल लिहिणारा तलाठी असावा, तशी.

मग करायला काय हवं होतं? घोडा संस्थेचा हवा होता. पुस्तकांचं दुकान काढायला भांडवल जमलं, तर घोड्यांचा ताफाही जमला असता. ठरलेली रक्कम सगळ्या सर्किटांच्या एकत्र पेटीतून द्यायला हवी होती, म्हणजे जुन्या सधन सर्किटची शिल्लक नव्या गरीब सर्किटच्या कामी आली असती आणि एका यजमानाच्या रोषाने चूल विझली नसती. बिशपचा आणि पोराचा आकडा सारखा ठेवण्याइतकं ज्यांचं मन मोठं होतं, त्यांना हे सुचणं अवघड नव्हतं. पण तरुण मिळत होते तोवर गरज वाटली नाही. सेवाभावी माणसांचा पुरवठा चालू असतो तोवर कुठल्याच संस्थेला ती वाटत नाही.

या पद्धतीची एक फांदी मुंबईतही रुजली. विल्यम टेलर हा व्हर्जिनियात जन्मलेला मेथडिस्ट उपदेशक. सोन्याच्या शोधात जग कॅलिफोर्नियाकडे धावत होतं त्या १८४९ साली तो सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि सात वर्षं तिथल्या चौकात उभा राहून प्रवचनं देत राहिला. सरहद्दीवरचाच माणूस, फक्त घोड्याऐवजी पिंपावर उभा. हा टेलर १८७० मध्ये लखनौला आला आणि १८७१ च्या अखेरीस मुंबईत. त्याचं तत्त्व एकच: अमेरिकेकडून पगार घ्यायचा नाही, मंडळीने आपला उपदेशक आपण पोसायचा. मुंबईत त्याला जोडीदार मिळाला जॉर्ज बोवेन. हा १८४८ पासून मुंबईत होता, अमेरिकन मराठी मिशनचा पगार त्याने येऊन थोड्याच दिवसांत सोडून दिला होता, बाजारातल्या खोलीत राहायचा, मराठीत रस्त्यावर बोलायचा आणि 'बॉम्बे गार्डियन' चालवायचा. चाळीस वर्षं तो परत गेला नाही; १८८८ मध्ये वारला. कुलाब्याच्या बाजूचं बोवेन चर्च त्याच्या नावाचं. ॲस्बरीसारखाच तोही अविवाहित होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

टेलरच्या मुंबई-पुण्यातल्या स्वावलंबी मंडळ्या खरोखरच उभ्या राहिल्या. त्यांत भरणा होता इंग्रजी बोलणाऱ्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांचा, त्यांतही रेल्वे आणि तारखात्यातल्या नोकरांचा. उपदेशकाचा महिना भागत होता कारण बाकावर बसलेल्याला कंपनीकडून महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता. पुढे हेच काम गरीब मराठी आणि गुजराती वस्त्यांत शिरलं, तेव्हा वर्गणीच्या पेटीत आणे-पैसे पडू लागले आणि अमेरिकेतून पैसे मागवावे लागले.